शब्दचर्चा: 'मार्केट टाउन'ला मराठीत काय म्हणावं? नॉरफकमधल्या एका बालपणाचे शब्द

मंडळी, एका कामात अडले आहे, मदत हवी आहे.

मी इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफक परगण्यात राहते. शेजारी एक आजी आहेत, १९३५ सालचा जन्म. वडील एका मोठ्या शेतावर घोड्यांच्या औतावर कामाला होते. घर शेतमालकाचं, गाव लहान, आणि दर शनिवारी स्वॉफमचा बाजार. आजी आठवणी सांगतात, मी लिहून घेते आणि त्यांच्या संमतीने मराठीत आणते. दोन वह्या भरल्या. पहिली वही परवा पुन्हा वाचली आणि जीव खट्टू झाला. मराठी शुद्ध होतं, पण गाव कुठेच दिसत नव्हतं. 'शेतमार्ग', 'जैविक कुंपण', 'बाजारपेठीय शहर', 'धान्य विनिमय केंद्र'. अशा भाषेत कुणाचं बालपण जाईल?

म्हणून ठरवलं की शब्दकोश बाजूला ठेवायचा आणि खेडं पाहिलेल्या माणसांना विचारायचं. सुरुवात साध्या वाटणाऱ्या दोन शब्दांनी करते, कारण मी सगळ्यात जास्त तिथेच चुकले.

एक म्हणजे 'डिनर'. आपल्याला शाळेत शिकवलं की डिनर म्हणजे रात्रीचं जेवण. आजींच्या घरी डिनर म्हणजे दुपारी बाराचं मुख्य जेवण. शाळेत दुपारी वाढणाऱ्या बाईला सगळा देश आजही 'डिनर लेडी' म्हणतो. मी पहिल्या वहीत बिनदिक्कत लिहून टाकलं होतं की शाळेत मुलांना रात्रीचं जेवण मिळे.

दुसरा शब्द 'टी'. आजींचं वाक्य असं: "शाळेतून आलं की टी व्हायचा, मग पुन्हा खेळायला." मी 'चहा व्हायचा' असं केलं. पण हा टी म्हणजे पाच-साडेपाचला पाव, लोणी, घरचा जॅम, कधी उकडलेलं अंडं, रविवारी केक, आणि सोबत किटलीभर चहा. मुलांचं दिवसातलं शेवटचं पोटभर खाणं तेच. 'चहापाणी' म्हटलं की पाहुणे आल्यासारखं वाटतं, 'फराळ' म्हटलं की दिवाळी. सध्या मी 'संध्याकाळचं खाणं' लिहिते आहे. याहून चांगलं काही आहे का?

आणि मुख्य शब्द 'मार्केट टाउन'. हे शहर नव्हे आणि खेडंही नव्हे. दोन-तीन हजार वस्ती, मधोमध मोठा चौक, ठरलेल्या वारी बाजार. बाजार भरवायचा हक्क मध्ययुगात राजाच्या सनदेने मिळे. दोन बाजारांत अंतर किती असावं याचाही हिशेब होता. तेराव्या शतकात ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावरच्या ग्रंथात तो येतो: माणूस दिवसाला २० मैल चालतो, त्याचे तीन भाग करा. एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक परतायला. म्हणून सुमारे पावणेसात मैलांच्या आत दुसरा बाजार उभा राहिला तर तो पहिल्याच्या पोटावर पाय. म्हणजे ही गावं नकाशावर उगाच विखुरलेली नाहीत, चालणाऱ्या पायांनी त्यांच्या जागा ठरवल्या आहेत. असा सगळा अर्थ घेऊन येणारा मराठी शब्द कोणता?

सोलापूर जिल्ह्यातून

ताई, तुम्ही शब्द शोधताय, पण तो तुमच्याच वाक्यात पडलेला आहे. 'ठरलेल्या वारी बाजार'. आमच्याकडे विचारतात, "तुमचं बाजारचं गाव कोणतं?" बाजारचं गाव म्हणजे जिथे आपण आठवड्याला मीठ-मिरची घ्यायला, जनावर विकायला, दाढी करायला, पाहुण्याला निरोप द्यायला जातो ते गाव. तालुक्याचं ठिकाण वेगळं असू शकतं. 'बाजारगाव' लिहा, कुणालाही कळेल. नागपूरजवळ त्या नावाचं गावच आहे, आणि अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार आहे.

दुसरं, तुमच्या आजींचे वडील. घोड्यांच्या औतावर, मालकाच्या घरात राहून. आमच्या भाषेत हा सालगडी. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्याला संपतं.

पुण्याहून

'कसबा' या शब्दाचा विचार केलात का? जुन्या कागदांत 'मौजे' म्हणजे साधं खेडं आणि 'कसबे' म्हणजे आसपासच्या खेड्यांचं मुख्य, बाजार असलेलं गाव. सांगलीजवळ मौजे डिग्रज आणि कसबे डिग्रज शेजारी शेजारी आहेत. सनदेचं साम्यही आहे. आपल्याकडे नवी पेठ वसवताना कौल दिला जाई आणि शेटे-महाजनांकडे तिची वतनं असत. अडचण इतकीच की आजच्या वाचकाला कसबा म्हटलं की पुण्याचा गणपती आठवतो.

आणि ग्रामनामांबद्दल कुतूहल आहे. आपल्या बुद्रुक-खुर्दसारखं तिकडे काही असतं का?

मूळ लेखिका

काका, 'बाजारगाव' पक्कं. किती सहज शब्द, आणि मी दोन वर्षं 'बाजारपेठीय' करत बसले! 'कसबा' पुस्तकाच्या शेवटी टिपेत घेईन, कारण त्यातलं मौजे-कसबे नातं अगदी नेमकं आहे. इंग्लंडातल्या गावनावांतही बाजार आहेच. मार्केट हार्बरो, मार्केट ड्रेटन ही उघड नावं. चिपिंग नॉर्टन, चिपिंग कॅम्पडन यांतलं 'चिपिंग' हा बाजारासाठीचा जुना इंग्रजी शब्द. 'चीप' म्हणजे स्वस्त हा शब्दही त्याच घराण्यातला.

बुद्रुक-खुर्दचं विचारलंत त्याने फार आनंद झाला, कारण हे साम्य मला इथे आल्या आल्या दिसलं होतं. लेस्टरशायरमध्ये विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा आहेत. लॅटिनमधलं मोठं आणि धाकटं. तिथे दप्तराची भाषा लॅटिन होती, आपल्याकडे फारसी. कारकुनाने कागदावर दोन गावं वेगळी ओळखावीत म्हणून लावलेलं शेपूट लोकांच्या तोंडी बसलं आणि दप्तराची भाषा बदलल्यावरही राहिलं. नॉरफकमध्ये ग्रेट स्नोरिंग आणि लिटल स्नोरिंग आहेत. नावाचा घोरण्याशी संबंध नाही. स्नेअर नावाच्या माणसाची माणसं, असा मूळ अर्थ. आणि आज 'लिटल'ची वस्ती 'ग्रेट'पेक्षा जास्त आहे. त्यांचं बाजारगाव फेकनम, बाजाराचा वार गुरुवार. भाषांतरात मी ही नावं बदलणार नाही, पण मराठी वाचकाला समजावताना 'स्नोरिंग बुद्रुक' असं एकदा म्हणायचा मोह होतोच.

सालगडी मात्र मला जपून वापरावा लागेल. इथेही पूर्वी शेतगडी वर्षाच्या बोलीने राहात, आणि वर्ष फिरे ते मायकेलमसला, म्हणजे २९ सप्टेंबरला. नॉरफकात जुन्या पंचांगाप्रमाणे ११ ऑक्टोबर धरत. पण आजींच्या वडिलांना आठवड्याची मजुरी होती, कायद्याने ठरलेली. सालाची उचल, अंगावर फिरलेलं कर्ज, हे जे 'सालगडी' शब्दासोबत येतं ते त्यांच्या घरात नव्हतं. त्यांना वेगळीच भीती होती. घर नोकरीचं. नोकरी गेली की घर गेलं. आजी नऊ वर्षांच्या असताना असं एकदा झालं. ऑक्टोबरातली सकाळ, बैठ्या गाडीवर सगळा संसार, वर उलटी बांधलेली टेबलं, आणि आईने मांडीवर धरलेलं घड्याळ, लंबक कागदात गुंडाळून वेगळा. कोंबड्यांची खुराडी शेवटच्या फेरीत. आईने रिकामं घर झाडून, फरशी पुसून मगच दार ओढलं. पुढच्या बाईला घर घाण मिळू नये म्हणून. अशा घराला कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट १९७६ साली. 'सालगडी' लिहिलं तर वाचकाला आपल्याकडचं दुःख दिसेल, त्यांचं दिसणार नाही. म्हणून 'मालकाच्या घरात राहणारा शेतमजूर' असं लांबलचक ठेवते आहे.

यावरून मला एक ठरवता आलं, तुम्हाला पटतं का बघा. वस्तू, काम, वाट, पीक यांना आपले गावाकडचे शब्द खुशाल लावावेत. पण माणसांच्या नात्यांना, हक्कांना, मानपानाला लावलेले शब्द उचलू नयेत. लोहार लिहिलं तर चालेल, बलुतं लिहिलं तर चालणार नाही. त्यांचा लोहार नालाचे पैसे रोख घेई. मोठ्या वाड्यातल्या 'स्क्वायर'ला, म्हणजे गावच्या जमीनदाराला, पाटील म्हटलं की गाव आपलं होऊन बसतं.

आता कामाचे शब्द. 'लेन', 'हेज', 'ग्लीनिंग', 'कॉर्न', 'कॉपर'.

वेंगुर्ल्याहून

हेज म्हणजे वई! जिवंत झाडांची केलेली ती वई. आमच्याकडे दगडांचा असतो तो गडगा. तुमच्याकडे कसल्या झाडांची असते?

मूळ लेखिका

मुख्यतः हॉथॉर्न आणि ब्लॅकथॉर्न, दोन्ही काटेरी. मधून हेझल, आणि सगळ्यावर चढलेली ब्लॅकबेरी. हिवाळ्यात खोडं अर्धवट छाटून आडवी वाकवतात, म्हणजे नवे फुटवे येऊन खालपासून दाट होते. 'वई' घेते. 'जैविक कुंपण' आजच खोडलं.

सोलापूर जिल्ह्यातून

दोन बाजूंच्या वईमधून जाणारी अरुंद, खोलगट वाट ती पाणंद. बैलगाडी जाईल एवढी. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात फुफाटा. तुमची लेन याहून वेगळी असेल असं वाटत नाही.

कॉर्न म्हणजे मका ना? मग नॉरफकला मका पिके का?

मूळ लेखिका

पाणंद! माझ्या आजोळी हा शब्द होता, आणि इतकी वर्षं कानावरून गेला नव्हता. आजींची शाळेची वाट म्हणजे दीड मैलाची पाणंदच.

कॉर्नचा घोळ मीही केला होता. इंग्लंडात, विशेषतः जुन्या बोलण्यात, कॉर्न म्हणजे गहू, बार्ली, ओट. जे मुख्य पीक ते कॉर्न. मका हा अर्थ अमेरिकेतला, आणि आपल्याकडे तो पॉपकॉर्न, स्वीटकॉर्न घेऊन आला. १८४६ साली रद्द झालेल्या 'कॉर्न लॉज'चा मक्याशी संबंध नाही. बाजारगावांत 'कॉर्न एक्स्चेंज' किंवा 'कॉर्न हॉल' नावाच्या मोठ्या इमारती दिसतात. व्यापारी तिथे टेबल मांडून बसत, शेतकरी छोट्या पिशवीत नमुना घेऊन येई, मूठभर दाणे तळहातावर ओतून, दाताखाली चावून भाव ठरे. संध्याकाळी त्याच दालनात नाच, जादूचे प्रयोग, पुढे सिनेमा.

सोलापूर जिल्ह्यातून

मग हा भुसार बाजार. गहू, ज्वारी, हरभरा, सगळा भुसार माल. 'भुसार हॉल' लिहा.

आणि कापणीनंतर रानात पडलेली कणसं वेचणं म्हणजे सरवा वेचणं. माझी आई सांगायची, सरव्याच्या ज्वारीवर त्यांचे पंधरा दिवस निघत.

मूळ लेखिका

काका, 'सरवा' वाचून मी आजींकडे गेले आणि तेच पान पुन्हा सांगा म्हटलं. हे थोडं सविस्तर लिहिते.

आजींच्या आजीच्या लहानपणी सरव्यावर खरोखर घर चालायचं. कुटुंबाने वेचलेला गहू गिरणीत जाई, त्या पिठाचा पाव हिवाळ्यात पुरे. पूर्व इंग्लंडात बऱ्याच गावी सकाळी चर्चची घंटा झाल्याशिवाय कुणी रानात उतरायचं नाही आणि संध्याकाळच्या घंटेला सगळ्यांनी बाहेर, असा रिवाज होता. लेकुरवाळ्या बाईला आणि म्हातारीला सगळ्यांबरोबर सुरुवात करता यावी म्हणून. गरिबांना वाटे हा आपला हक्क आहे, बायबलातच सांगितलं आहे. पण १७८८ साली शेजारच्या सफकमधल्या एका बाईच्या खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने असा हक्क नाही. तरी पुढे शंभर वर्षं बाया वेचतच राहिल्या. शेतकऱ्यालाही गावाचं तोंड बघायचं होतं.

आजींच्या वेळी, युद्धाच्या वर्षांत, सरवा उरला तो कोंबड्यांसाठी. यंत्र शेताच्या कडेने गोल गोल फिरत आत येई. मधला उभा गहू लहान लहान होत जाई आणि सगळे ससे त्यात कोंडले जात. शेवटच्या पट्ट्यातून ते सुटत तेव्हा पोरं काठ्या घेऊन उभी. आजींना ते बघवायचं नाही, पण रात्री सशाचा रस्सा खायच्या, असं त्या सरळ सांगतात. मग पेंढ्या उभ्या करायच्या, दोन्हीकडून एकमेकींना टेकवून, आठ-दहांचा एक जुडगा. ओट असेल तर तीन रविवारच्या घंटा ऐकल्याशिवाय उचलायचा नाही. पेंढ्या गेल्या की रान सरव्याला मोकळं. पायात मोजे नसत, धसकटांनी घोट्याभोवती ओरखडे उठत आणि रात्री घंगाळात पाय घातले की चरचरायचं. वेचलेल्या लोंब्या डाव्या मुठीत धरायच्या, मूठ भरली की काडीनेच बांधायच्या. हे सांगताना आजींनी डावी मूठ धरून उजव्या हाताने काडीची गाठ मारून दाखवली. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी. हातात काडी नव्हती, तरी गाठ बरोबर बसली.

दुपारी चारला शेतावर खाणं घेऊन जायचं काम मुलांचं. त्याला तिथे 'फोर्सेस' म्हणतात, चारचं म्हणून. पाव, चीज, आणि बाटलीत बिनदुधाचा गार चहा. याला मी 'चारचा भाकरतुकडा' लिहिलं होतं, पण भाकरी नाही तर तुकडा कसला? 'चारची न्याहारी' केलं आहे. न्याहारी सकाळचीच असते हे मान्य, पण शेतावर नेऊन पोचवायची जी भावना आहे ती त्यात आहे.

'घंगाळ' मी आधीच वापरलं, लक्षात आलं असेल. शनिवारी रात्री चुलीपुढे जस्ताचं मोठं घंगाळ, सगळ्या भावंडांना एकच पाणी. 'कॉपर' म्हणजे धुण्याचं पाणी तापवायचं तांब्याचं भांडं, विटांत बसवलेलं, खाली जाळ. सोमवारी पहाटे पेटायचं. बंब म्हणावं का?

वेंगुर्ल्याहून

बंबात कपडे उकळत नाहीत. चुलाण म्हणा, चुलाणावरची काईल. आणि तिकडच्या घराच्या मागे, बागेच्या टोकाला संडास असायचा ना? त्याला आपला 'परसाकडे जाणे' किती चपखल बसतो!

वसईहून

आमच्या ख्रिस्ती मराठीतून दोन शब्द. 'पॅरिश'ला आम्ही 'धर्मग्राम' म्हणतो, रोजच्या बोलण्यात. आणि 'एव्हॅक्यूई' मुलांना काय लिहिलंत? 'निर्वासित' नका लिहू.

मूळ लेखिका

परसाकडे घेतलं, मनापासून आभार. काईलही.

'धर्मग्राम' चर्चच्या संदर्भात घेईन. पण १८९४ च्या कायद्याने खेड्यांत 'पॅरिश कौन्सिल' आली, तिचा चर्चशी संबंध नाही. दिवे, पायवाटा, दफनभूमी, खेळाचं मैदान बघणारी ती ग्रामपंचायतच. एका शब्दाला दोन भाषांतरं करावी लागली तर करावीत.

'निर्वासित' मी लिहिलं नाही, तुमचं म्हणणं अगदी खरं. त्या शब्दात आपली १९४७ ची फाळणी आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पहिल्या काही दिवसांत साधारण १५ लाख माणसं शहरांतून खेड्यांत हलवली गेली, बहुतेक मुलं. आजींच्या घरी लंडनचे दोघे भाऊ आले. कोटाला नावाची चिठ्ठी, गळ्यात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्याची पेटी. धाकट्याने गाय जवळून पाहिली नव्हती. मी 'शहरातून हलवलेली मुलं' लिहिलं आहे. पुढे नुसतं 'लंडनची मुलं'. गावही त्यांना तसंच म्हणत होतं.

पुण्याहून

नाण्यांचं काय केलंत? पेनीला पैसा, फार्दिंगला पै?

मूळ लेखिका

शिलिंग, पेनी, फार्दिंग तसेच ठेवले. पण पुण्याच्या वाचकांना एक हिशेब आवडेल. रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स होता त्या काळात, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, रुपया १६ पेन्सचा आणि रुपयाचे आणे १६. म्हणजे एक आणा बरोबर एक पेनी, आणि पाव पेनीची फार्दिंग बरोबर एक जुना पैसा. आजींच्या लहानपणी भाव बदलला होता, म्हणून पै-पैसा लिहीत नाही. त्यांच्या फार्दिंगवर रेन नावाचा चिमुकला पक्षी होता. तो फार आवडायचा म्हणून त्या एक फार्दिंग कधीच खर्च करायच्या नाहीत. ती अजून त्यांच्या शिवणाच्या डब्यात आहे.

आता 'ग्रामर स्कूल'. व्याकरणशाळा करू नये, एवढंच सांगते. व्याकरण म्हणजे लॅटिनचं, आणि तेही शेकडो वर्षांपूर्वी. आजींच्या वेळी अकराव्या वर्षी परीक्षा, पास झाला तर बाजारगावातलं किंवा त्याहून लांबचं ग्रामर स्कूल. आजी पास झाल्या नाहीत. त्यावर त्या जास्त बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

'पब'ही पबच ठेवते. मराठीत पब म्हटलं की पुण्या-मुंबईतला कर्कश संगीताचा अंधार डोळ्यांपुढे येतो, म्हणून पहिल्यांदा 'गावचा पब' लिहून वर्णन करते: बाकं, शेकोटी, डॉमिनो. १९०८ च्या कायद्याने चौदाच्या आतल्या मुलांना दारूच्या खोलीत बंदी होती. त्यामुळे आजींच्या आठवणीत पब म्हणजे बाहेरची दगडी पायरी, हातात लेमोनेड, आणि बटाट्याच्या कुरकुरीत कापांच्या पाकिटात निळ्या कागदाची मिठाची पुडी. ती शोधायची, उघडायची, वरून भुरभुरायची.

नॉरफक बोलीतले तीन शब्द शेवटी. 'मार्डल' म्हणजे रिकामपणी उभ्याउभ्या मारलेल्या गप्पा. 'ड्वाइल' म्हणजे फरशी पुसायचं फडकं, याला मी 'पोतेरं' लिहिलं. आणि 'मॉदर' म्हणजे मुलगी. वडील घोड्यावर बसवताना आजींना याच शब्दाने हाक मारत. लिहिलेला शब्द आईसारखा दिसतो, म्हणून आधी माझा गोंधळ झाला.

वेंगुर्ल्याहून

मार्डल म्हणजे गजाली! दुसरं काही लिहूच नका.

सोलापूर जिल्ह्यातून

बाप घोड्यावर बसवतोय म्हणजे 'पोरी'. "चल पोरी." आमचे वडील बहिणीला असंच म्हणत.

मूळ लेखिका

गजाली घेतली. 'पोरी'ही घेतलं आणि काल ते पान आजींना मोठ्याने वाचून दाखवलं. मराठी त्यांना कळत नाही, पण सुरुवातीला मी खूण केली होती, इथे तुमचे वडील बोलतात. "चल पोरी" आलं तसं त्यांनी मला थांबवलं आणि शब्द दोनदा स्वतः म्हणून पाहिला.

एक अजून अडलेलं आहे. वईत किंवा गडग्यात माणसाला ओलांडायला लाकडी पायऱ्या करतात, गुरांना मात्र जाता येत नाही. तिथे त्याला 'स्टाइल' म्हणतात. बेडं म्हणता येणार नाही, ते उघडतं. आजींच्या शाळेच्या पाणंदीत अशा दोन स्टाइल होत्या आणि दुसरीवर बसून त्या धाकट्या भावाची वाट बघायच्या. कोकणात, घाटावर, कुठेही याला शब्द असेल तर कळवा.

वेंगुर्ल्याहून

आमच्या गडग्यात दोन लांब दगड बाहेर काढून ठेवलेले असतात, त्यावर पाय देऊन चढायचं. पण त्याला वेगळं नाव मी तरी ऐकलं नाही. आईला विचारून सांगते.